वाचकांचे प्रश्न : कारखान्याचं घड्याळ आणि आपलं रान

प्रश्न : आजोबांच्या वेळी आमच्या रानात शाळू, हरभरा, भुईमूग असायचा. आता शिवारभर ऊसच. हे पाण्यानं झालं की कारखान्यानं?
– वाचक, वाळवा तालुका

उत्तर : पाण्यानं ऊस शक्य झाला, कारखान्यानं तो अटळ केला. सुरुवात मात्र लोखंडापासून धरावी लागते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथं लोखंडी नांगर घडवले. लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती उलथतो आणि हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालची मुळं, वर काढतो. तरी लोखंडानं जमीन नासते, या समजुतीनं शेतकरी बिचकत होते. पुढं पंप आले, साठच्या दशकात कोयनेची वीज आली आणि कृष्णेचं पाणी काठ सोडून वरच्या रानात चढलं.

मग कारखान्याचं गणित सुरू झालं. रोज 5,000 टन गाळणारा कारखाना 160 दिवस चालवायचा, तर 8 लाख टन ऊस लागतो. एकरी 40 टन धरले तरी 20,000 एकर. गुऱ्हाळाचं चुलवाण आज नाही तर उद्या पेटवता येतं. बॉयलर एकदा पेटला की गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळी पडतच राहिली पाहिजे. म्हणून कारखाना बेणं देतो, खत देतो, आणि सोसायटीचं कर्ज बिलातूनच वळतं होतं. शाळूच्या पाठीशी यातलं काहीच नाही. शिवाय चारी बाजूंना ऊस आणि मधे एकरभर शाळू राहिला, की गावातली सगळी पाखरं त्याच तुकड्यावर उतरतात. राखण करायला माणूस कुठून आणणार?

प्रश्न : ऊस तयार आहे, तोड येत नाही. उशीर झाला तर नुकसान नेमकं कशात?
– वाचक, कराड

उत्तर : आधी उभ्या उसाचं. पक्व झालेला ऊस तसाच ठेवला की तुरा येतो, कांड्या पोकळ पडतात, डोळ्यांतून पांगशा (बगलफुटी) फुटतात. तोडल्यावर तर घड्याळच सुरू होतं. 24 तासांच्या आत गाळप व्हावं. त्यानंतर उसातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. तिचा दाणा पडत नाही, ती मळीत जाते. उन्हात पाणीही उडतं.

इथं एक बारीक मेख आहे. 2025-26 हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्याला) टनाला 3,550 रुपये, त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34.60 रुपये. म्हणजे 12 टक्क्यांना 4,155.50 रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. पण उतारा धरतात तो सगळ्या कारखान्याचा सरासरी. तुमच्या उसाची साखर घटली तर तोटा सगळ्यांत वाटला जातो, वजन घटलं तर ते मात्र एकट्या तुमचं. काटा कारखान्यात असल्यामुळं रस्त्यात आणि यार्डात थांबलेल्या ट्रॉलीचा भुर्दंड शेतकऱ्यालाच.

म्हणून लागण झाली की लगेच कारखान्याच्या शेतकी ऑफिसात नोंद करा, लागणीची तारीख बरोबर पडली का ते बघा, पावती जपा. तोडणीचा कार्यक्रम त्या तारखेवरच लागतो. जुलैची आडसाली लागण पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात 16 महिन्यांची होते. रान कोरडं आणि ट्रॉलीला वाट मोकळी असेल तर तोडकऱ्यांची टोळी आधी येते. चिखलातल्या फडाला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, जास्त मागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. बिल 14 दिवसांत मिळायला हवं, तसं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो.

प्रश्न : मुलगा एमआयडीसीत कामाला. दोन एकर ऊस मशिननं तोडता येईल का?
– वाचक, सातारा

उत्तर : येईल, पण ते लागणीच्या वेळीच ठरतं. महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागल्यावर गावातला तरुण फडात उतरत नाही. बीडकडच्या टोळ्यांवर किती दिवस विसंबणार? 3 फुटी सरीत हार्वेस्टरचं चाक खोडक्यावरून जातं आणि खोडवा, म्हणजे त्याच खोडक्यांतून फुटणारं पुढचं पीक, विरळ निघतो. सरी साडेचार ते 5 फूट ठेवा. दोन्ही टोकांना मशिन वळेल एवढी जागा सोडा. ड्रिपच्या नळ्या तोडीआधी गुंडाळा. पाचटापोटी वजनात कपात होते, तिचा टक्का आधी विचारून घ्या. दोन एकरांसाठी मशिन सहसा कोणी आणत नाही, तेव्हा बांधाशेजारच्या दोघा-तिघांनी एकाच आठवड्यात, एकाच दिशेनं सऱ्या सोडून लागण केली तरच ते जमतं.