लॅपटॉपचे नंतर पाहू, आधी मुलीचे खाते तिच्या हाती द्या

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. मुलगी बारावी विज्ञानला असून सीईटीची तयारी करते. आईच्या मोबाइलवर ती चॅटजीपीटी वापरते. तेच खाते माझ्या मोबाइलवर उघडून तिने काय विचारले ते मी रोज रात्री पाहतो. बारावीत येऊनही ‘टॉर्कची (वस्तूला फिरवणाऱ्या बलाच्या परिणामाची) दिशा बल आणि अंतर या दोन्हींना लंब का मानायची?’ असे अकरावीचे प्रश्न विचारते, म्हणून तिला रागावलो. गेल्या पंधरवड्यात तिने जवळपास काहीच विचारलेले नाही, म्हणजे आता तिचे तिला जमू लागले असावे. मोबाइलवर उत्तरे त्रोटक आणि डेस्कटॉपवर सविस्तर येतात असे कळले. हप्त्यांवर लॅपटॉप घ्यावा का? – एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील ‘रोज रात्री पाहतो’ हे शब्द मला सर्वाधिक खटकले, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

मुलीचे काही वाचता हे आपण तिला सांगितले होते का, याचा पत्रात उल्लेख नाही. परंतु ज्या प्रश्नावरून आपण रागावलात तो तिने केवळ तेथेच विचारला होता, त्यामुळे आता ते तिला कळून चुकले असणार. तिचे विचारणे थांबले याचा आपण लावलेला अर्थ मला पटत नाही. बारावीच्या ऐन अभ्यासात कोणाच्याही शंका पंधरवड्यात संपत नाहीत; बोलणी खावी लागतात म्हटल्यावर मुले त्या मनात ठेवू लागतात.

आणि तो प्रश्न तरी काय होता? आपणच लिहिले आहे : टॉर्कची दिशा बल आणि अंतर या दोन्हींना लंब का मानायची? सदिशांचा, म्हणजे दिशा असलेल्या राशींचा, गुणाकार अकरावीत येतो हे खरे. पण राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राचे पहिलेच प्रकरण फिरत्या वस्तूंच्या गतीचे (रोटेशनल डायनॅमिक्स) आहे आणि हा पाया कच्चा राहिला तर त्यातील सूत्रे निव्वळ घोकावी लागतात. शिवाय सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असतो. आपले कोठे अडते आहे हे शोधत जी मुलगी एक इयत्ता मागे जाते, तिला अभ्यास कसा करावा हे समजलेले आहे. तिला शाबासकी द्यायला हवी होती. क्लासच्या भरल्या वर्गात असा प्रश्न विचारायला भलेभले विद्यार्थी कचरतात. येथे कोणी हसणार नाही, हा या साधनाचा तिच्यासाठी सर्वांत मोठा उपयोग होता आणि आपल्या देखरेखीने नेमका तोच हिरावला गेला.

आता आपल्या गैरसमजाविषयी. उत्तर मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये तयार होत नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवर तयार होते आणि आपल्यासमोर फक्त दाखवले जाते. खाते तेच आणि योजना (मोफत किंवा सशुल्क) तीच असेल, तर मोठ्या पडद्यामुळे ते अधिक हुशार होत नाही. फरक पडतो तो विचारण्यात. मोबाइलवर माणूस अर्ध्या ओळीत विचारतो आणि बोलून विचारले तर उत्तरही बहुधा आटोपशीर येते. कीबोर्डवर आपण प्रश्न सविस्तर मांडतो. ‘पायरी-पायरीने सांग, मी येथे अडले आहे’ एवढे लिहिले तरी मोबाइलवर पूर्ण उत्तर मिळते. उलट, वहीत सोडवलेल्या गणिताचा फोटो काढून ‘माझी चूक कोणत्या ओळीत आहे’ असे विचारणे मोबाइलवरच सोपे जाते. लांबलचक सिद्धता वाचणे, शेजारी पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडी ठेवणे किंवा प्रोग्रॅम लिहिणे यांसाठी डेस्कटॉप सोयीचा, आणि तेथेही वेगळे ॲप लागत नाही, ब्राउझर पुरतो. दोन्हीकडे उत्तर चुकू शकते, म्हणून ते पुस्तकाशी ताडून पाहण्याची सवय मात्र तिला हवी.

सीईटी संगणकावर होते, तेव्हा माऊसचा सराव हवाच. तो क्लासच्या सराव परीक्षांत होतो, त्यासाठी कर्ज काढू नये.

आज घरी गेल्यावर आपल्या मोबाइलवरील ते खाते तिच्यासमोर बंद करा आणि यापुढे पाहणार नाही असे स्पष्ट शब्दांत सांगा. तिला स्वतःचे खाते उघडू द्या. तेरा वर्षांपुढील पण अठराच्या आतील मुलांनी पालकांच्या संमतीने वापरावे, असा चॅटजीपीटीचा नियम आहे. संमती देण्यासाठी तिची प्रत्येक ओळ वाचण्याची गरज नसते. अभ्यासाची चौकशी करायचीच असेल, तर जेवताना तिला टॉर्कचे उत्तर समजावून सांगायला लावा. आपण यंत्रांजवळ काम करता. पाना लांब असला की नट सहज का सुटतो, हे तिला आपल्याइतके चांगले कोण दाखवील?

लॅपटॉपचा निर्णय प्रवेशानंतर घ्या. संगणकशास्त्र मिळाले तर तो लागेलच, आणि कोणता घ्यावा हे तेव्हा अभ्यासक्रम पाहून ठरवता येईल.