मामांना हवे असलेले नोन्नो आणि तुला भेटलेले नोन्नो

मेलबर्नला दिलेल्या साताऱ्याच्या लेकी, तुझं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हिच्या सासूबाईंचे वडील, घरात सगळे नोन्नो म्हणायचे, म्हणजे इटालियनमध्ये आजोबा, गेल्या वर्षी नव्वदीला टेकून गेले. फेब्रुवारीत वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आहे आणि नंतरच्या जेवणाला त्यांच्यावर चार शब्द बोलायचं काम हिच्या गळ्यात पडलंय, कारण शेवटची दोन वर्षं दुपारची त्यांच्याजवळ हीच बसायची. मामेसासऱ्यांना गोष्ट हवीय ती नेहमीची, दक्षिण इटलीतल्या कालाब्रियातून एक सुटकेस घेऊन आले, राब राब राबले, घरं बांधली. पण नोन्नोंनी हिला सांगितलेलं भलतंच, की पहिली दोन वर्षं ते रोज रात्री रडायचे, आणि गावी आईला लिहायचे की मजेत आहे, वर उसना कोट घालून दुसऱ्याच्याच गाडीला टेकून काढलेला फोटो पाठवायचे. आता ही विचारतेय, ताई, हे सांगू का सुनेने गप्प बसू?

सांग. पण माइकवर नको, आधी सासूबाईंना.

आणि यात लाजायचं काय आहे गं? ते १९५५ला बोनेगिलाला उतरले असं तू लिहिलंयस. ती जुनी लष्करी छावणी, बाहेरदेशातून आलेल्यांना आधी तिथेच ठेवायचे, पत्र्याच्या बराकी, १९४७ ते १९७१ मध्ये तीन लाखांवर माणसं तिथून पुढे गेली. सरकारने दोन वर्षांच्या करारावर आणायचं आणि देतील ते काम करायचं. १९५२ला तर कामच मिळेना म्हणून तिथली इटालियन पोरं चिडून उठली होती, प्रकरण लष्करापर्यंत गेलं. जेवायला मटण, परत मटण, पास्त्यावर वाढलेल्या पोराला. तिथून हे स्नोई माउंटन्सच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात, त्या अख्ख्या प्रकल्पात १२१ कामगार मेले. विशीतलं पोर रडणार नाही तर काय करणार.

मामांवर मात्र चिडू नकोस. डब्यातल्या सलामीवरून, म्हणजे त्या इटालियन सॉसेजवरून, शाळेत 'वॉग' या शिवीने हिणवून घेतलेली ती पिढी, त्यांना बाप कधी हरलेला बघायचाच नाहीये.

नोन्नोंनी हे मुलांना न सांगता तुलाच का सांगितलं, हा तुझा दुसरा प्रश्न. तर पत्राच्या शेवटी तूच लिहिलंयस की आईला व्हिडिओ कॉल लावला की कॅमेरा घराच्या चांगल्या कोपऱ्याकडेच वळवतेस. म्हाताऱ्याने ते बघितलं असणार.

सासूबाईंना कधी सांगायचं तर टोमॅटोच्या दिवशी. मिस्सेच्या आधी तुमच्याकडे पसाता, म्हणजे वर्षभराचा टोमॅटोचा रस, करतातच ना, मागच्या अंगणात पेट्याच्या पेट्या टोमॅटो, मशीनमधून रस काढायचा, बियरच्या जुन्या बाटल्यांत एकेक तुळशीसारखं ते बेझिलचं पान टाकून भरायचा आणि मोठ्या पिंपात बाटल्यांच्या मध्ये चिंध्या कोंबून उकळायचं, म्हणजे आपटून फुटत नाहीत. आपल्या वाळवणासारखंच आहे, हात कामात आणि नजर खाली, अशा वेळी अवघड गोष्टी सहज बोलल्या जातात. त्या म्हणाल्या नको, तर जेवणात काढू नकोस, तो त्यांचा बाप आहे. पण मला वाटतं त्या म्हणतील, मला माहितीये, आणि तुला अजून चार गोष्टी सांगतील.

भाषणात मोठे शब्द नकोत, त्या चिंध्यांपासूनच सुरू कर. नोन्नांचं, म्हणजे आजींचं, लग्न सांग, नवरा ऑस्ट्रेलियात आणि कालाब्रियाच्या चर्चमध्ये नवऱ्याच्या जागी दीर उभा, आपल्याकडे पूर्वी खांड्याशी लग्न लावायचे तसंच की! अशी हजारो लग्नं झाली तेव्हा. आणि बोनेगिलाची नोंदणी कार्डं तिथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, नोन्नोंचं शोध, काही कार्डांवर फोटोही असतो. मिळाला तर मामांच्या हातात दे, काही बोलू नकोस. तो फोटो उसन्या कोटातला नसेल.

राहता राहिलं नोन्नोंचं अंजिराचं झाड. त्यांचं घर विकायचं चाललंय म्हणतेस, तर जुलैच्या थंडीत पानं गळली की पेन्सिलीएवढ्या जाड चार-पाच फांद्या काप आणि कुंडीत खोच, लागतात. फक्त सही व्हायच्या आत जा.