तीरा साडेतेरा इंच

मी समुपदेशक. उन्हाळा लागला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते, "मॅडम, पोरगी पोरांसारखे कपडे घालते." कधी आई मुलीला घेऊन येते, कधी मुलगीच एकटी येते आणि आधी दार लोटून घेते. यंदा ही तक्रार तिसऱ्यांदा ऐकली, तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

वर्धा-यवतमाळच्या सीमेवरचं आमचं तालुक्याचं गाव. मुलगी २४ वर्षांची, उंची ४ फूट ९ इंच. बचतगटांच्या कर्जाचे हप्ते गोळा करत स्कूटीवर गावोगाव फिरते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आई खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाली, "हे पोट्टी शर्ट-पॅन्ट घालून फिरून रायली. पाहुणे आले तं काय सांगू?"

पहिल्या दोन भेटींत मी बालपण, मैत्रिणी, लग्नाचा विषय असं सगळं विचारलं. ती नीट उत्तरं देत होती, पण खुलत नव्हती. मग एकदा म्हणाली, "ताई, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लेगिंग अंगाला चिकटते, ओढणी चाकात जायची भीती. मला शर्टच आवडतो. पण घातला की बापाचा सदरा चोरल्यासारखी दिसते. माझं अंगच चुकीचं आहे."

मी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाला मानणारी. समोरचा माणूस काय म्हणतोय ते आधी पूर्ण ऐकायचं, अर्थ आपण लावायचा नाही. इतका वेळ मी अर्थच लावत बसले होते. तिला म्हटलं, "पुढच्या वेळी तो शर्ट घालूनच ये."

आली. रेडीमेड, पुरुषांच्या मापातला सगळ्यात लहान. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, अर्धी बाही कोपराखाली, खिसा जवळजवळ पोटावर. मी खणातून टेप काढली. तिचा तीरा, म्हणजे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंतचं माप, साडेतेरा इंच, शर्टाचा सतरा. दोन्ही आकडे कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, बोट फिरवत राहिली.

"साडेतीन इंच," ती हळूच म्हणाली. "म्हणजे शर्ट चुकलाय?"

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच आले, आणि तो मला अजून जसाच्या तसा आठवतो. जे ती स्वतःच्या अंगाचा दोष म्हणून वागवत होती, ते टेलरचं काम निघालं.

आईचा प्रश्न मात्र उरलाच होता. तिला विचारलं, "काकू, निंदायला जाता तेव्हा लुगड्यावर काय घालता?"

"इच्या बाबाचा जुना शर्ट. ऊन लागते, हात खरचटते."

"मग?"

"तो कामाचा आहे, मॅडम."

मुलगी म्हणाली, "आई, मीपण कामावरच जाते."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आमच्याकडे निंदणारी, कापूस वेचणारी बाई पुरुषाचा शर्ट घालते, त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. गरजेपोटी घातलेला चालतो, आवडीनं घातला की खुपतो. आयांना मी सांगते, कपड्यावरून मुलीच्या मनाचे निष्कर्ष काढू नका. तिला स्वतःबद्दल आणखी काही सांगायचं असेल, तर घरात धाक नसला की ती सांगेल. नसेल, तर शर्ट हा शर्टच आहे.

आणि मुलींनो, ठेंगण्या बांध्याला शर्ट निवडताना आधी तीरा बघा. बाकीचं आत घेता येतं, खांदा उसवून बसवणं कठीण. १२-१४ वर्षांच्या मुलांचा शर्ट खांद्याला बसतो, पण छातीत आणि कमरेखाली आवळतो. म्हणून शिवूनच घ्या, तोही जेन्ट्स टेलरकडे. लेडीज टेलर सवयीनं टक्स घालतो आणि मग तो ब्लाउजच होतो. माप द्यायला संकोच वाटला तर घरी आईकडून घ्या. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा भाग, फार खोल नको, घेर मोकळा ठेवा, उंची कमरेच्या हाडाखाली चार बोटं. पाठीवर एक प्लेट घातली की हवा खेळते. छातीवर बटणांमध्ये फट पडते तिथे आतून टिचबटण लावा. खिसा लहान करायला सांगा, मोठ्या खिशानं माणूस आणखी बुटका दिसतो. पॅन्टचं आसन पुरुषांच्या मापानं कापू नका, नाहीतर बसताना ओढते. कापड सुती किंवा पातळ खादी. टेरिकॉटमध्ये घाम जिरत नाही. कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. फिक्या कापडाखाली पांढरी बनियन उठून दिसते, अंगाच्या रंगाची घाला.

पंधरा दिवसांनी मुलगी निळ्या बारीक रेघांच्या शर्टात आली. टेलरनं सुरुवातीला आढेवेढे घेतले, मग आईनंच टेप धरली म्हणे. तिचं माप लिहून झालं तशी आई टेलरला म्हणाली, "मायाबी तीरा मोजून घे. निंदनाले एक पायजे."