वाचकांचे प्रश्न: थरचं वाळवंट, किल्ले आणि ढाण्या (वाड्या-वस्त्या)

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं राजस्थानच्या गटसहलींबद्दलची आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील, ते इथे घेतले आहेत.

आमच्या सोसायटीतले 18 जण, वयं 11 ते 72, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 8 दिवस जाणार आहोत. जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर असा बेत आहे. जमेल का? – कोथरूड

जमेल, पण बघून काही होणार नाही. जयपूर–बिकानेर सुमारे 330 किलोमीटर, बिकानेर–जैसलमेर पुन्हा तेवढंच, जैसलमेर–जोधपूर 280 आणि जोधपूर–उदयपूर 250. म्हणजे नुसतं शहरातून शहरात जायला बाराशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले तर उरलेल्या सहांतले जवळजवळ चार दिवस गाडीत जातील. 18 जणांचा गट सकाळी नऊच्या आत क्वचितच हलतो, आणि डिसेंबरअखेर तिकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. त्यामुळे किल्ल्यावर पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असेल.

वाळवंट, किल्ले आणि गावं हेच बघायचं असेल, तर जोधपूर आणि जैसलमेर एवढीच दोन ठाणी धरा. पुण्याहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. काही गाड्या भगत की कोठी स्थानकापर्यंतच जातात. ते जोधपूर शहराला लागूनच आहे, त्यामुळे नाव बघून गोंधळू नका. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. 18 जागा एकत्र हव्या असतील तर तीन-चार जणांनी त्याच सकाळी वेगवेगळी तिकिटं काढायला बसावं. एका तिकिटावर सहापेक्षा जास्त नावं बसत नाहीत.

सहा दिवसांची मांडणी अशी करा. पहिल्या दिवशी मेहरानगड आणि त्याच्या पायथ्याचं राव जोधा उद्यान. दुसऱ्या दिवशी बिश्नोई गावं आणि सालावास. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून फलोदीमार्गे जैसलमेर. फलोदीजवळ खीचन गावात हिवाळाभर हजारोंनी करकोचे उतरतात (तिकडे त्यांना कुरजां म्हणतात). गावकरी त्यांना सकाळी दाणे घालतात, म्हणून दुपारी जाऊन उपयोग नाही. चौथा दिवस जैसलमेरचा किल्ला आणि पटवों की हवेली. पाचव्या दिवशी कुलधरा हे ओसाड गाव बघत खुडीला मुक्काम. सहाव्या दिवशी सकाळ तिथेच घालवून, पोटभर न्याहारी करून दहाला जोधपूरकडे. त्याहून फार उशीर झाला तर पोकरणनंतरचा रस्ता अंधारात लागतो. त्या पट्ट्यात गाई, उंट, नीलगायी रस्त्यावर येतात आणि हेडलाइटच्या झोतात शेवटच्या क्षणी दिसतात. या एकाच कारणासाठी रात्रीचा प्रवास टाळा.

गाडी जोधपुरातच ठरवा, पिवळ्या नंबरप्लेटचीच. 18 जणांना 17 सीटर टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन एकाला मध्ये स्टुलावर बसवण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन 12 सीटर घ्या. नऊ-नऊ जण बसतात, मागची रांग सामानाला मिळते, आणि ज्येष्ठांना लवकर परतायचं असेल तर एक गाडी निघू शकते. सगळ्या अठरांना एकमेकांसाठी थांबावं लागत नाही, आणि गटात कुरबूर होते ती बहुतेक याच मुद्द्यावरून.

तारखा बदलता आल्या तर जानेवारीचा उत्तरार्ध घ्या. नाताळच्या आठवड्यात जैसलमेरच्या गल्ल्यांतून चालणंही अवघड होतं.

सम की खुडी? आणि तंबूचं बुकिंग करताना काय विचारावं? – चिंचवड

सम जैसलमेरपासून 40 किलोमीटरवर, खुडी नैर्ऋत्येला साधारण 45 ते 50. समच्या टेकड्या जास्त उंच आणि पसरलेल्या आहेत, पण संध्याकाळी तिथे जीप, क्वाड बाइक आणि स्पीकर यांची दाटी असते. वाळवंटातली शांतता हवी असेल तर खुडी. तिथे गाव आहे, मातीच्या भिंतींची घरं आहेत, आणि काही घरांत राहण्याची सोयही होते. आमचं मत विचाराल तर एक रात्र खुडीला काढावी आणि सम नाहीच बघितलं तरी हळहळू नये.

बुकिंगच्या वेळी भाडं विचारण्याआधी हे विचारा: स्पीकर रात्री किती वाजता बंद होतो? माणशी किती रजया मिळतात? स्वच्छतागृह तंबूला जोडून आहे का, आणि सकाळी गरम पाणी नळाला येतं की बादलीतून? उंट आणि जीप भाड्यात धरलेत की वेगळे? तंबूपासून वाळू चालत किती लांब? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण पुष्कळ कॅम्प रस्त्यालगतच्या कठीण जमिनीवर असतात आणि टेकडीवर जायला पुन्हा गाडी लागते.

थंडीला कमी लेखू नका. कोरडी वाळू फक्त वरवर तापते, उष्णता खोल जात नाही. हवेत बाष्प नाही, आकाश निरभ्र. त्यामुळे दिवसभराची ऊब सूर्यास्तानंतर भराभर निघून जाते. दुपारी 23–24 अंश असतात, आणि पहाटे पारा 7–8 पर्यंत, कधी त्याखाली उतरतो. एकच जाड जाकीट नेण्यापेक्षा आत अंगाबरोबरचं थर्मल, त्यावर स्वेटर आणि वर वारा अडवणारं पातळ जाकीट घ्या. कानटोपी आणि लोकरी मोजे हवेतच. कॅम्पवरच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाला उघड्यावर गाद्या घातलेल्या असतात. थंडी खालून चढते, म्हणून बसायला एक घडी घातलेलं ब्लँकेट न्या. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: कोळशाची शेगडी तंबूत घेऊन झोपू नका. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

उंट उठताना मागचे पाय आधी ताठ करतो आणि बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो. दोन्ही वेळी स्वार पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही वेळी मागे रेलायचं आणि पलाणाचा खुंट घट्ट धरायचा. बहुतेक जण उठताना सावध असतात आणि उतरताना पडतात. मोबाइल त्या वेळी खिशात. 2019च्या पशुगणनेत देशातले उंट अडीच लाखांवर आले होते, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 37 टक्के कमी. उंटवाल्याचं पोट सवारीवर चालतं, तेव्हा घासाघीस करून एका उंटावर तिघं बसवू नका.

टेकड्यांवरून जीप पळवण्याच्या प्रकारात वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी केलेली असते. मागच्या बाकावर दणके सर्वांत जास्त बसतात. मणक्याचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा किंवा गरोदरपण असेल तर बसूच नये. बाकीच्यांनीही टपावर उभं राहू नये.

टेकडी खरी बघायची ती सकाळी, सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी. वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची आणि दबलेली असते, तिच्यावरून चाला. पलीकडची उतरती बाजू 30–34 अंशांची आणि भुसभुशीत. तिथे पाऊल घोट्यापर्यंत जातं. रात्रीच्या वाऱ्याने जुने ठसे पुसलेले असतात, आणि कोऱ्या वाळूवर काळ्या भुंगेऱ्याच्या दोन बारीक टिंबांच्या रांगा, उंदराच्या उड्या, एखाद्या खोकडाची सरळ रेषेतली पावलं स्पष्ट उमटलेली दिसतात. ऊन तिरपं असेपर्यंतच ती दिसतात. ऊन चढलं की सावली आखूड होते, वाळू सपाट वाटू लागते.

आम्ही सिंहगड, राजगडवाले. राजस्थानच्या किल्ल्यांत काय बघावं? बरोबर 74 वर्षांचे वडील आहेत, गुडघे दुखतात. – सदाशिव पेठ

वडिलांचं आधी. मेहरानगडाला लिफ्ट आहे. तिचं तिकीट वेगळं. ती त्यांना वर न्यायला वापरा, आणि तुम्ही दरवाज्यांच्या वाटेने चढा. जैसलमेरच्या किल्ल्यात लिफ्ट नाही. चार दरवाज्यांतून चढणारी फरसबंदी शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे. तिथे रबरी तळव्याचे बूट आणि काठी हवी, चपला नकोत.

आता किल्ले. आपल्याकडे कडा हीच तटबंदी. दरवाजा गोमुखी करून वळणात लपवला की काम झालं. मेहरानगड राव जोधाने 1459 मध्ये वसवायला घेतला. तो शहरापासून सुमारे 400 फूट उंच खडकावर आहे, आणि तिथेही वाट दरवाज्यापाशी काटकोनात वळते. कारण हत्ती. त्याला धडक द्यायला सरळ धाव मिळू नये म्हणून वळण, आणि कपाळाच्या उंचीवर लोखंडी अणकुचीदार खिळे. एका दरवाज्यावर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत. लोहापोलच्या भिंतीवर राण्यांच्या हातांचे ठसे आहेत. ते सतींचे आहेत, त्यांच्याशेजारी उभं राहून हसरे फोटो काढू नयेत.

जैसलमेरचा किल्ला रावल जैसलचा, 1156चा. पिवळ्या वालुकाश्माचा, 99 बुरुजांचा. तटावर गोल दगड ओळीने मांडून ठेवलेले दिसतील. ते शोभेचे नाहीत. वेढा पडला की खाली लोटण्यासाठीची ती बेगमी. आत आजही वस्ती आहे. 2013 पासून राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारसा यादीत आहे. आतली जैन मंदिरं सकाळीच गाठा. चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागतं.

राहायला मात्र किल्ल्याबाहेर राहा. हा डोंगर ठिसूळ वालुकाश्माचा आणि मधूनमधून मातकट थरांचा आहे. घागरीने पाणी वाहायच्या काळात बांधलेल्या वस्तीत नळ आले, हॉटेलं आली, सांडपाणी खाली मुरू लागलं, आणि बुरुज ढासळले. किल्ल्यावर प्रेम असेल तर तिथे अंघोळ करू नये, इतकं ते साधं आहे.

पाण्याच्या बाबतीत मेहरानगडाच्या पायथ्याचे राणीसर आणि पदमसर तलाव बघाच. आपण बेसॉल्टमध्ये टाकी खोदली, त्यांनी खडकाच्या उतारावरचं पाणी कालव्यांनी तलावात आणलं. गडकोट बघणाऱ्याला हे सोडून चालणार नाही.

आम्ही 12 मैत्रिणी. गावं बघायची आहेत, पण सर्कस बघितल्यासारखं व्हायला नको. – औंध

प्रश्न नेमका विचारलात. जोधपूरजवळच्या बिश्नोई गावांत ‘व्हिलेज सफारी’ चालते: पंधरा मिनिटं झोपडी, पंधरा मिनिटं कुंभार, फेटा बांधून फोटो. त्यापेक्षा दोनच गावं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी दोन तास थांबा.

पहिलं खेजडली. बिश्नोई पंथ जांभोजींनी 1485 मध्ये स्थापला, त्याचे 29 नियम. 1730 मध्ये जोधपूर दरबाराची माणसं इथे खेजडीची (शमीची) झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवीने झाडाला मिठी मारली. तिच्यासह 363 जणांनी जीव दिला. सकाळी गेलात तर जवळच्या गुडा बिश्नोईत काळवीट दिसतात. भाकरी, बिस्किटं घालू नका.

दुसरं सालावास, पंजा दरीचं (दरी म्हणजे सतरंजी). विणकर आडव्या मागावर बसतात आणि लोखंडी पंज्याने बाणा (आडवा धागा) ठोकतात. दरी दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी, उलटून बघा. घ्यायची असेल तर विणणाऱ्याकडूनच घ्या.

खुडीकडच्या ढाण्यांमध्ये पाणी कसं धरतात ते विचारा, लोक हौसेने दाखवतात. टांका म्हणजे जमिनीखालची गोल टाकी आणि भोवती तिच्याकडे उतरणारं लिंपलेलं अंगण. त्या अंगणावर पावसाचं पाणी पडतं, म्हणून त्यावर चपला घालून चढायचं नाही. कुंई म्हणजे अगदी अरुंद विहीर: वाळूखाली जिप्समचा थर असतो, तो पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. तेवढं झिरपलेलं पाणी हळूहळू उपसतात. ओरण म्हणजे आपली देवराई. तिथली वाळकी काटकीही उचलत नाहीत, तुम्हीही उचलू नका.

बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, आणि घुंगट असेल तर विचारूही नका. मुलांना चॉकलेट, पैसे वाटू नका. पुढच्या गटाच्या मागे ती शाळा सोडून धावतात. स्वागताला ओंजळीतून अफूचं पाणी देण्याची रीत काही ठिकाणी पाहुण्यांना दाखवतात. हात जोडून नम्रपणे नाही म्हणा. अफू 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, आणि पाहुणा म्हणून घेतली तरी तो गुन्हाच.

गाणं ऐकायचं असेल तर मांगणियार कलाकारांना आधी सांगून बोलवा. हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गात आले आहेत. दोनच गोष्टी मागा: स्पीकर नको, आणि सिनेमातलं नको, घरच्या सोहळ्यांची गाणी हवीत. ‘कमायचा’ हे त्यांचं तंतुवाद्य जवळून बघू द्याल का म्हणून विचारा. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, गज फिरवला की घोगरा भरदार आवाज येतो. तो माइकमधून मरतो. बिदागी आधी ठरवून मुख्य कलाकाराच्या हातात द्या, कॅम्पच्या मॅनेजरकडे नव्हे.

तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होईल का? ड्रोन नेता येईल? – हडपसर

होईल, पण पूर्ण दिवस त्यालाच द्या. जैसलमेरहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर होतात आणि रामगडनंतर खाण्याची सोय तुरळक आहे. सकाळी सातला निघा, रामगडला डिझेल भरा. लोंगेवाल्याची लढाई 4–5 डिसेंबर 1971च्या रात्री सुरू झाली; तनोटचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला परवानगी लागते. ओळखपत्र मूळ प्रतच ठेवा. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन तर परवान्याशिवाय बाळगणंच बेकायदा आहे.

मुलांच्या खाण्याचं काय? सगळं तिखट असतं म्हणे. – बिबवेवाडी

केर-सांगरीची भाजी आणि लसणाची चटणी तिखट असते. पण कढी, बाजरीची भाकरी, तूप-गूळ आणि ताक सगळीकडे मिळतं. स्वयंपाक्याला आदल्या रात्री सांगा, ऐनवेळी नाही. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत अंगातलं पाणी जात राहतं. मुलांना तासातासाला आठवणीने पाणी द्या. ओठांना लावायला व्हॅसलीन, नाकात रक्त येऊ नये म्हणून झोपताना तुपाचं बोट. जलसंजीवनीची माणशी दोन पाकिटं आणि 20 लिटरचा पाण्याचा जार गाडीत असू द्या; जार रिकामा झाला की जैसलमेरमध्ये भरून मिळतो.