चीक भरताना गव्हाची खालची पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : आमची पलूस तालुक्यात काळी जमीन आहे. सोयाबीन निघाल्यावर नोव्हेंबरात गहू पेरला. आता दाण्यात चीक भरत असताना खालची पाने पिवळी पडू लागली आहेत. वरची मात्र हिरवीगार आहेत. नत्र कमी पडले असून एकरी एक पोते युरिया टाकावा, असे शेजारी सांगतात. टाकावा का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : या टप्प्यावर युरिया टाकू नये. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून पाहता, पानांत साठवलेले नत्र दाण्याकडे निघाले आहे आणि त्यामुळे रिकामी होणारी पाने खालून वर या क्रमाने पिवळी पडत आहेत.

गहू आपल्या गरजेचे बहुतांश नत्र फुलोऱ्यापूर्वीच मुळांवाटे घेतो आणि पाने, खोड व ओंबीच्या तुसांत प्रथिनांच्या रूपाने ठेवतो. त्यातील मोठा वाटा हवेतील कर्बवायू धरून ठेवणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाचा असतो. म्हणजे पान चालू असेपर्यंत ते अन्न तयार करते आणि नत्राची कोठीही असते. दाणा धरल्यावर या प्रथिनांचे तुकडे होऊन अमिनो आम्ले बनतात, ती रसवाहिन्यांतून ओंबीत जातात आणि तेथे त्यांतून ग्लुटेनची, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारी प्रथिने तयार होतात. दाण्यातील नत्रापैकी साधारण ६० ते ९५ टक्के अशा आधीच्या साठ्यातून येते. एकरी १५ क्विंटल उत्पादन आणि १२ टक्के प्रथिने धरली, तर दाण्यांत सुमारे ३२ किलो नत्र जाते. ४५ किलोच्या दीड पोते युरियात जेवढे असते तेवढे हे होते.

स्टार्चचे गणित मात्र निराळे आहे. दाण्याचे वजन मुख्यतः त्या-त्या दिवशी होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणावर भरते, त्यामुळे पाने लवकर पिवळी पडली तर स्टार्च कमी पडतो आणि फार उशिरापर्यंत हिरवी राहिली तर नत्र काडातच अडकते. खालची, सावलीत गेलेली पाने आधी सोडून ओंबीलगतचे ध्वजपर्ण शेवटपर्यंत राखण्यात झाडाचे जे शहाणपण आहे, ते मला फार मोलाचे वाटते. खपली गहू कृष्णाकाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. त्याच्या रानटी पूर्वजातून शास्त्रज्ञांनी पाने पिकण्याची वेळ ठरवणारे एक जनुक शोधले, ते आजच्या बहुतेक गव्हांत निकामी झालेले आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात याच कुळातील जनुकांचे काम दाबले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली, परंतु दाण्यातील प्रथिने, लोह आणि जस्त ३० टक्क्यांहून अधिक घटले.

हाच पिवळेपणा फुटवे येताना दिसला असता, तर मीही नत्राची कमतरता म्हटले असते, कारण नत्र तुटले की झाड तेव्हाही जुन्या पानांतूनच ते काढून नव्या पानांना देते. म्हणूनच बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्रापैकी अर्धे पेरणीला आणि अर्धे सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे (जमिनीलगतच्या खोडातून निघणारी मुळे) फुटताना पहिल्या पाण्याबरोबर देतात. फुलोऱ्याच्या सुमारास युरियाची हलकी फवारणी केल्यास प्रथिने थोडी वाढू शकतात, परंतु चीक भरू लागल्यावर जमिनीत टाकलेल्या पोत्यामुळे उत्पादन वाढत नाही.

आता लक्ष पाण्याकडे द्यावे. ओल तुटली किंवा फेब्रुवारीत ऊन एकाएकी चढले, तर पाने अवेळी वाळतात आणि दाणा सुरकुततो. अशा दाण्यात प्रथिनांची टक्केवारी पुष्कळदा जास्त निघते, पण ती स्टार्च कमी भरल्यामुळे निघते, हे ध्यानात ठेवावे. शेवटी एक पिवळे पान बोटांनी चोळून पाहावे : बोटाला नारिंगी किंवा तपकिरी भुकटी लागली, तर तो तांबेरा आहे आणि त्यासाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) त्याच दिवशी शेतात बोलवावे.