हायकू ओएस: बीटा ४ वरून बीटा ५ ला जाताना फॉरमॅट करावं का?

करू नका. (हायकू ही विंडोज-लिनक्ससारखी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि बीटा ४, बीटा ५ या तिच्या आवृत्त्या.) 'होम फोल्डर पेन ड्राइव्हवर घे आणि नव्याने टाक' असं तुमचा मित्र म्हणतो, हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. आमच्या दादाचंही हेच म्हणणं होतं.

बाबांचं बियाण्या-खतांचं दुकान आहे. त्यांच्या डायरीतले तीनशेच्या वर नंबर मी लॉकडाऊनमध्ये हायकूच्या 'पीपल' या संपर्कवहीच्या ॲपमध्ये उतरवले होते. पेनची शाई जिथे पुसट झाली होती तिथे बाबांना शेजारी बसवून एकेक आकडा विचारला होता. २०२१ च्या जुलैमध्ये बीटा ३ आलं. मी बाहेरगावी होतो, म्हणून दादाने अपडेट लावायला घेतलं. हायकूची रिपॉझिटरी (सिस्टिमची पॅकेजेस जिथून उतरतात तो पत्ता) बदलली, हायकूपोर्ट्सची, म्हणजे इतर ॲप्सची, जुनीच ठेवली आणि मध्ये पीकेजीमॅनने (पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या कमांडने) जे प्रश्न विचारले त्यांना न वाचता होकार दिला. रीस्टार्ट केल्यावर मशीन रॉकेटच्या चित्रापाशी अडकलं. दादाने इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हवरून बूट केलं, होम फोल्डर दुसऱ्या, फॅट-३२ वाल्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि फॉरमॅट मारला.

मी परत येऊन फोल्डर उघडला. फाइली सगळ्या होत्या, नावंही बरोबर होती, पण साइझच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य बाइट. पीपलची फाइल मुळातच शून्य बाइटची असते. फोन, पत्ता, ईमेल हे सगळं हायकूच्या बी फाइल सिस्टिमच्या ॲट्रिब्यूट्समध्ये, म्हणजे फाइलीला जोडलेल्या जादा माहितीत राहतं आणि पेन ड्राइव्हच्या फॅट-३२ फाइल सिस्टिमवर ती टिकत नाहीत. गिऱ्हाइकांची नावं उरली, नंबर गेले. तोवर डायरीही रद्दीत गेली होती.

दादा आजही म्हणतो, 'दुसरा इलाज नव्हता.' होता. अपडेट लावताना हायकू आधीच्या पॅकेजेसची अवस्था तारीख-वेळेसकट system/packages/administrative मध्ये जपून ठेवतं. बूट होताना शिफ्ट दाबून धरायचं (यूईएफआयवाल्या, म्हणजे अलीकडच्या मशीनवर स्पेस दाबत राहायचं), मेनूत बूट व्हॉल्यूमच्या खाली जुनी अवस्था निवडायची, की कालचं मशीन परत उभं राहतं. दोन मिनिटांचं काम. नव्याने टाकायची सवय बीटाच्या आधीच्या अल्फा आवृत्त्यांच्या काळातली. अल्फा ४ आलं २०१२ मध्ये आणि पॅकेज मॅनेजमेंट त्यानंतर. पण २०१८ च्या बीटा १ पासून ती सोय आहे, मग अजून तोच हट्ट कशाला?

तुमच्यासाठी: हायकू आणि हायकूपोर्ट्स या दोन्ही रिपॉझिटरी आर१बीटा५ (पत्त्यातलं बीटा ५ चं नाव) वर न्या, दोन्ही म्हणजे दोन्ही. मग टर्मिनलमध्ये पीकेजीमॅनचं फुल-सिंक (pkgman full-sync, सगळी पॅकेजेस रिपॉझिटरीशी जुळवणारी कमांड) चालवा. नुसतं अपडेट नको. एखादं पॅकेज काढू का असं विचारलं तर नाव वाचा. हायकूपोर्ट्समधलं एखादं किरकोळ ॲप असेल तर जाऊ द्या, नंतर परत टाकता येतं. सिस्टिमचं काही काढायला सांगत असेल तर तिथेच थांबा आणि रिपॉझिटरीचे पत्ते पुन्हा तपासा.

बॅकअप घ्याच, पण हायकूच्याच झिपमध्ये बांधून. त्यात ॲट्रिब्यूट्स टिकतात, मग ती झिप कुठल्याही पेन ड्राइव्हवर ठेवा. मेलच्या फाइलींनाही हेच लागू.

एक राहिलं. जुनी अवस्था निवडली की सिस्टिमची पॅकेजेसच मागे जातात, होममधली सेटिंग्ज आहेत तशीच राहतात. आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर जायचं असेल तर मात्र नव्यानेच टाकावं लागेल, तिथे तुमच्या मित्राचं बरोबर आहे. तेव्हासुद्धा आधी झिप करा, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये उलगडून एका माणसाची फाइल उघडा आणि नंबर दिसतोय का ते डोळ्यांनी बघा. मगच पार्टिशनला हात लावा.