उन्हाप्रमाणे आपोआप उघडझाप करणारी इमारतीची जाळी खरंच उपयोगी असते का? आतले पडदे पुरत नाहीत?

उपयोगी असते. पडदा काचेच्या आत असतो, तिथेच घोळ आहे. ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीत अडकते. पडद्याने डोळ्यांवरची तिरीप थांबते, उष्णता मात्र थोडीच कमी होते. सावली काचेच्या बाहेरच हवी.

अबू धाबीतले अल बहर टॉवर्स (२०१२) बघा. जुन्या अरबी घरांतल्या मशरबिया जाळीवरून सुचलेलं हे काम मला फार आवडतं. प्रत्येक मनोऱ्यावर हजाराहून जास्त घडीचे भाग आहेत. सूर्य कधी कुठे असेल हे आधीच ठाऊक असतं, त्यानुसार संगणक ते मिटतो-उघडतो. उत्तरेकडे ऊन कमी, म्हणून तिथे जाळी नाहीच.

अडचण देखभालीची. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटच्या (१९८७) दक्षिण भिंतीवर कॅमेऱ्यासारखी लहानमोठी होणारी झडपं आहेत. त्यातली बरीच पुढे बंद पडली.

घरासाठी विचारत असाल तर मोटरच्या नादी लागू नका. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं, थेट आत येतं. तिथे खिडकीबाहेर चिकाचा पडदा लावा.